धाकूचा पहारा

आगबोटी कोळशावर चालायच्या आणि वेळणे बंदराला अजून दिवाही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. मिठाच्या धंद्यापायी त्या बंदरात माझं जाणं-येणं असतं. मी माल तोलल्याशिवाय घेत नाही. ही गोष्ट मात्र मिळाली तशी घेतली, तशीच देतो.

वेळण्याचा धाकू खारवी आगबोटीवर खलाशी होता. त्याची बोट पार उत्तरेच्या समुद्रात जायची. तिथं पाण्यावर बर्फाचे डोंगर तरंगतात, आणि धुक्यात ते दिसत नाहीत. धाकू बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला उभा राहायचा. डोंगर जवळ आला की त्याची दाढ ठणकायची, असं म्हणतात. मग तो हाक घालायचा, हाक जिकडून परत येईल तिकडं हात करायचा, आणि बोट वळायची. खलाशी एकमेकांना सांगायचे, धाकू आहे ना, नीज. सगळे निजायचे. एकटा धाकू जागा.

म्हातारपणी तो घरी आला, पण झोप काही आली नाही. चटईवरून उठायचा आणि बंदराच्या तोंडाशी खडकावर जाऊन समुद्राकडं बघत बसायचा. लोक चेष्टा करायचे, "धाकूतात्या, डोंगर आला की सांगा हो, गुरं चरायला सोडतो वर." वैद्यानं दुधातून जायफळ दिलं, तळपायाला तेल चोळायला लावलं. शेवटी म्हणाला, हा असा जागा राहिला तर येती अमावस्या बघायचा नाही.

तेव्हा त्याची थोरली बहीण, आवडीअक्का, खडकावर गेली. तिनं विचारलं, बाबा, तुला निजायला कोण नको म्हणतंय?

धाकू म्हणाला, "माझ्या जागी कोण आलंच नाय गो. दुसरा येऊन उभा राहिल्याबिगर जागा सोडायची नसते. मुंबैला सगळे उतरले. मला कोणी उतर म्हटलंन नाय."

अक्का त्याच्या शेजारी उभी राहिली. कुठं काय आहे ते दाखव, म्हणाली. तो दाखवू लागला: डाव्या अंगाला मोठा, त्याच्यामागं दोन बारके, समोर एक बुडता, नुसतं कपाळ वर असलेला. तिनं एकेक म्हणून दाखवला. मग म्हणाली, "समजलं. नीज आता. मी बघतंय."

धाकू तिथंच आडवा झाला.

किती वेळ निजला, यावर गावात अजून वाद आहे. ऐन वैशाखात त्या रात्री लोकांनी घोंगड्या काढल्या, असं म्हणतात. काही पांढरं बंदराच्या तोंडापर्यंत आलं, अक्कानं हात केला आणि ते वळलं. लोक पेज घेऊन गेले, पण ती जागची हलली नाही. धाकू उठला तो भूक लागली म्हणत, आणि पुढं पुष्कळ वर्षं जगला.

आजही वेळण्यात कोणी दमून घरी आलं, की आधी त्याला विचारतात, कुठं काय ठेवून आलास. सगळं ऐकून घेतात, आणि घरातलं एक माणूस खडकावर जाऊन बसतं.

परवा भर उन्हात एक म्हातारी तिथं बसलेली दिसली. सून मोठ्या इस्पितळात नर्स, रात्रपाळ्या करून आलेली. मी म्हटलं, काकी, डोकं तापेल, चला घरी.

समुद्रावरची नजर न काढता ती म्हणाली, "पोर अजून निजलीय."