चंद्राचं विरजण

एकदा काय झालं, चंद्र उगवलाच नाही.

अवसेला तो नसतोच, ते खरं. पण अवस गेली, बीज गेली, तीज गेली, तरी आभाळात कोर दिसेना. माणसं अंगणात उभी राहून मान दुखेस्तोवर वर बघायची आणि आत जायची. सुमे, पाय आत घे गोधडीत. हां.

तर आता तो का उगवला नाही, ते ऐका. आभाळात राहते एक म्हातारी. तिचे केस पांढरे, लुगडं पांढरं, पापण्यासुद्धा पांढऱ्या. तिच्या गाई म्हणजे ढग, बरं का. संध्याकाळी ती त्यांचं दूध काढायची, मोठ्या काळ्या डेऱ्यात ओतायची आणि त्याला विरजण लावायची. मग रात्री जे दही लागायचं ना, तोच चंद्र. आज थोडं, उद्या जरा जास्त, करत करत पुनवेला डेरा काठोकाठ भरायचा. मग आभाळातली सगळी मंडळी रोज थोडं थोडं खायची. संपत आलं की म्हातारी चमचाभर बाजूला काढून ठेवायची. पुढच्या चंद्राचं विरजण ते.

पण त्या अवसेला म्हातारीचा जरा डोळा लागला. आणि चांदण्या म्हणजे तिच्या नाती, तुमच्यासारख्याच चटोर. त्यांनी डेऱ्यात हात घातला, तळ खरवडला, बोटं चाटली आणि वर डेरा धुऊनही ठेवला. आजीला मदत केली म्हणे.

म्हातारी उठून बघते तर डेरा लख्ख. दूध होतं, पण विरजण नव्हतं. दोन-तीन रात्री नुसतं दूध ठेवून बघितलं, पण ते पहाटेपर्यंत विरून जायचं. मग म्हातारी म्हणाली, "आता खाली जाऊन मागून आणलं पाहिजे." तिनं काठी घेतली आणि दिवस मावळता मावळता डोंगरावरून खाली उतरली.

खाली एक होता राजा. त्याच्याकडे दह्याच्या घागरीच्या घागरी. म्हातारी मुदपाकखान्याच्या दाराशी गेली. म्हणाली, "बाबा, चमचाभर विरजण दे."

आचारी म्हणाला, "आजी, जेवणं झाली आणि उरलेलं सगळं मोरीत ओतलं. आमच्या राजाला शिळ्याचं नाव काढलेलं खपत नाही."

"मग उद्याचं दही कशाचं लावता रे?"

"आम्ही कशाला लावतो? उद्याचं उद्या कुठूनतरी येतं."

कुठून येतं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. म्हातारीनं मोरीकडे बघितलं. पांढरं पाणी वाहत चाललं होतं. मग ती काठी टेकत पुढे निघाली.

मग आला पाटलाचा वाडा. पाटलीणबाईंना उजेडाची भारी हौस. ऊन भिंतीवर असतानाच कोनाड्याकोनाड्यात दिवे लावून मोकळ्या. शिंक्यात दही होतं, घट्ट, सुरी लावावी असं.

पाटलीणबाई म्हणाल्या, "अगं बाई, आता आलात? दिवे लागले ना. दिवेलागणीनंतर विरजण घराबाहेर देत नाहीत. लक्ष्मी जाते घरातली. सकाळी या, वाटीभर देते."

"सकाळी मला येता येत नाही, बाई," म्हातारी म्हणाली.

पाटलीणबाईंना वाटलं, म्हातारीचे गुडघे दुखत असतील. त्यांनी दार लोटून घेतलं.

मग राहिलं डोंगराच्या पायाशी एक घर. कुडाचं, शेणानं सारवलेलं. त्यात राहायची भागा, तिचा मुलगा हरबा आणि धाकटी ठकी. बाप कोंडाजी बैल घेऊन घाटाखाली मीठ आणायला गेलेला. अवसेच्या आधी उतरायचा आणि चांदणं पडलं की त्या उजेडात घाट चढून यायचा. उन्हात बैल दमतात ना. आणि अंधारात मशाल पेटवून यावं, तर दोन्ही बाजूला वाळलेलं गवत. एक ठिणगी पडली तर डोंगर जळायचा. म्हणून कोंडाजी खाली थांबला होता, चंद्राची वाट बघत. आणि घरात ही तिघं कोंडाजीची वाट बघत.

त्या घराची तऱ्हा काय सांगू तुम्हाला. भागाचं लुगडं विरलं की त्याचं ठकीचं परकर-पोलकं व्हायचं. पोलकं फाटलं की हात पुसायचं फडकं. फडकंही विरलं की त्याची दिव्याची वात. भांडी घासलेलं पाणी भोपळ्याच्या वेलाला. चुलीतली राख भांड्यांना. संध्याकाळी उजेड आहे तोवर जेवून घ्यायचं, म्हणजे तेल जळत नाही. आणि जेवण झालं की कोंडाजी विचारायचा, "पुरलं का?" मग सगळ्यांनी म्हणायचं, "पुरलं आणि उरलं." कधी नुसता भाकरीचा पापुद्रा उरायचा, कधी चमचाभर दही. पण म्हणायचं. ठकी तर विहिरीलासुद्धा म्हणायची. पाणी भरून झालं की वाकून आत सांगायची, "पुरलं हं." विहीर आतून म्हणायची, "पुरलं हं."

जाताना कोंडाजी ठकीला म्हणाला होता, "मी आलो की दही-भाकरी खाणार. विरजण सांभाळ गं, ठके." गाय आटत आली होती. पेलाभर दूध निघायचं. पण ठकी रोज मडक्याशी बसायची. हरबानं बोट घालायला हात पुढे केला की चापट मारायची.

"एवढंसं चाटलं तर काय होतंय?" हरबा म्हणायचा.

"बाबांना सांग तसं," ठकी म्हणायची. हरबा हात मागे घ्यायचा.

तर अशा घराशी म्हातारी आली. आत चुलीतले निखारे तेवढे लाल होते. बाकी सगळं सावळं सावळं. भागा म्हणाली, "या आजी, बसा. पाणी देते."

म्हातारी पाणी प्यायली. मग म्हणाली, "पोरी, चमचाभर विरजण मिळेल का? लांब जायचंय."

भागा थांबली. द्यायला तिची ना नव्हती, पण सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, दिवेलागणीनंतर विरजण बाहेर जाऊ द्यायचं नाही. त्यातून घरधनी प्रवासात असताना तर नाहीच. इथं आपण नियम मोडावा आणि तिकडे घाटात बैलाचा पाय घसरावा. म्हातारीकडे बघवेना, नाही म्हणवेना.

ती हळूच म्हणाली, "आजी, दिवेलागण झाली हो. धनी बाहेर आहेत माझे."

तेव्हा ठकी म्हणाली, "आई, पण आपण दिवा कुठं लावलाय?"

भागानं कोनाड्याकडे बघितलं. खरंच की. दिव्यात तेल होतं थोडंसं, पण ते राखून ठेवलेलं, कोंडाजी आला की दारात लावायला. इतक्या दिवसांत त्या घरात दिवा लागलाच नव्हता. मग दिवेलागण कुठली आलीय?

भागाला हसू फुटलं. "ही बघा आमची शहाणी," म्हणाली. आणि मग ठकीला म्हणाली, "पण विरजण तुझ्या ताब्यात आहे, बाई. तू दे."

आता ठकीचा चेहरा बदलला, बरं का. बोलायला बोलली, पण मडक्यात होतं चमचाभरच. बाबा येणार, दही-भाकरी मागणार. तिनं मडकं पोटाशी धरलं. मग म्हातारीचे पाय बघितले. वाटेच्या धुळीनं भरलेले, भेगाळलेले. ठकीनं झाकण काढलं.

भागा म्हणाली, "आजी, चमच्यातून नेलं तर सांडेल हो. थांबा." तिनं फडक्याचा एक स्वच्छ कोपरा फाडला आणि दह्यात बुडवला. ठकीनं तो बोटानं दाबून दाबून भिजवला. असं भिजलेलं फडकं वाळलं ना, तरी त्यात विरजण राहतं. भागा लग्न होऊन आली, तेव्हा माहेरचं विरजण असंच पदराला बांधून आणलं होतं तिनं.

फडक्यानं सगळं दही पिऊन टाकलं. ठकीनं मडक्यात डोकावलं. काही नाही. "पुरलं," ती म्हणाली, "पण उरलं नाही."

भागानं तिला जवळ घेतलं. म्हणाली, "मडकं धुवायचं नाही आज. मातीचं आहे ना, आत मुरलेलं असतं. तसंच कोमट दूध ओत आणि झाकून ठेव. हलवू नको."

ठकीनं तसं केलं. वळून बघते तर म्हातारी दारात नव्हती. रस्त्यानंही दिसेना. डोंगराच्या उतारावर वर, आणखी वर, काहीतरी पांढरं हलत होतं. जणू वाळत घातलेलं फडकं वाऱ्यानं उडालं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काय बघावं? मावळतीला एवढीशी कोर. पांढरी, बारीक, फडक्याच्या फाडलेल्या काठासारखी. सगळा गाव अंगणात आला. राजा गच्चीवर आला. त्यानं आचाऱ्याला विचारलं, "ही कुठून आली?" आचारी म्हणाला, "येते कुठूनतरी."

मग कोर रोज वाढू लागली. दह्यासारखं घट्ट, थंड चांदणं पडू लागलं. आधी झाडांच्या शेंड्यांवर, मग पाऊलवाटेवर, मग घाटात अगदी खालपर्यंत. आणि एका संध्याकाळी, हरबा म्हणाला, "ऐका." लांबून बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. हळूहळू, झोपेत वाजाव्या तशा.

कोंडाजी अंगणात आला. बैलांच्या पाठी चांदण्यानं पांढऱ्या झालेल्या, आणि त्यावर मिठाच्या गोण्या. भागा दिवा लावायला उठली आणि तशीच बसली. अंगणात इतका उजेड होता की सुईत दोरा ओवावा. तेल तसंच राहिलं.

ठकीनं मडकं आणलं. त्या दिवसापासून रोज लागत होतं दही, मडक्याच्या अंगात होतं तेवढ्यावर. कोंडाजीनं भाकरी कुस्करली, दही घेतलं, चिमूटभर नवं मीठ घातलं. एक घास गाईला, एक ठकीला. खाऊन झालं. मग त्यानं विचारलं, "पुरलं का?"

ठकीनं मडक्यात बघितलं. चमचाभर होतं. मग तिनं वर बघितलं.

"पुरलं," ती म्हणाली, "आणि उरलं."

तेव्हापासून म्हातारी अवसेला जागी राहते. चांदण्यांना तळ खरवडू देत नाही. आणि चंद्रावर तो काळा डाग दिसतो ना, ते ठकीचं बोट. चुलीपाशी बसली होती, राखेचा हात तसाच लागला फडक्याला. म्हातारीनं धुतला नाही. कशाला धुवायचा?

ती सगळी सुखानं राहिली. तुम्हीही राहा. ते बघा, खिडकीतून एवढंसं चांदणं आलंय. तेवढं डोळ्यांत घ्या आणि वर पापणी झाका. आता हलू नका बाळांनो. दही लागताना भांडं हलवत नाहीत.