मुठीतला केशरी दाणा

गोदावरी चालता चालता एके ठिकाणी शंखासारखी गोल वळली, आणि त्या वळणावर शंखघाट नावाचं नगर वसलं. काय सांगू त्या नगराची शोभा! काळ्या दगडाची देवळं, पांढऱ्या चुन्याची देवळं, घाटाच्या पायऱ्यापायऱ्यांवर बसलेली इवली इवली देवळं. पहाटे घंटा वाजायला लागल्या की कबुतरं भुर्रकन उडायची, आणि ऊन वर आलं की सोनेरी कळस पाण्यात उतरून पोहायला लागायचे. लांबलांबून माणसं यायची, हात जोडायची आणि डोळे भरून पाहून परत जायची.

या नगरात मथू राहायची. आठ वर्षांची, सावळी, दोन वेण्यांची, आणि परकराला तीन ठिगळं. ठिगळं तिनं स्वतः लावली होती, म्हणून जरा वाकडीतिकडी होती. तिला आई नव्हती. होते ते तिचे वडील, रंगनाथअण्णा. आलेल्या यात्रेकरूंना देवळं दाखवायची, हे त्यांचं काम. आणि दाखवायचे तरी कसं! अण्णा बोलायला लागले की दगडातला हत्ती आता सोंड हलवणार असं वाटायचं. कोणत्या खांबावर काय कोरलंय, कोणत्या देवाला कोणतं फूल आवडतं, सगळं त्यांच्या जिभेवर. मथू त्यांचं बोट धरून हिंडायची, आणि ऐकून ऐकून तिलाही ते सगळं पाठ झालं होतं.

पण आषाढात अण्णांना मोठा ताप आला. ताप गेला तो त्यांचा आवाज घेऊनच गेला. वैद्यांनी काढे दिले, मध चाटवला, पण घशातून साधा हुंकार निघेना. आता न बोलणाऱ्या माणसाबरोबर देवळं पाहायला कोण येणार? कुणी येईनासं झालं. चुलीवर कधी भाकरी असायची, कधी नुसती पेज. मथूला भुकेचं एवढं काही वाटत नसे. पण घरात कुणी तिला हाक मारत नव्हतं, याचं तिला फार फार वाईट वाटायचं. अण्णा ओठ हलवायचे, आवाज फुटायचा नाही, मग ते मान फिरवून बसायचे.

मथू रोज सकाळी नदीकाठच्या जुन्या फुलबागेत जायची. तिथं पारिजातकाचं एक मोठं झाड होतं. बाकीची फुलं झाडावरून तोडून देवाला वाहतात, पण पारिजातकाची मात्र खाली पडलेलीच वेचायची, अशी रीत आहे. पांढऱ्या पाकळ्यांचा आणि केशरी देठांचा सडाच पडलेला असायचा. मथू परडीत फुलं वेचायची, त्यांचे हार करायची आणि देवळाच्या दारात बसून विकायची. पण सगळी फुलं ती कधीच वेचत नसे. मूठभर फुलं झाडाखाली तशीच ठेवायची.

आश्विनातल्या एका सकाळी ती अशीच उठून निघाली, तेवढ्यात वरच्या फांदीवरून कुणीतरी विचारलं, "एवढी फुलं का गं ठेवलीस?"

मथूनं वर पाहिलं. फांदीवर एक इटुकली परी बसली होती. पारिजातकाच्या पाकळ्यांचा पांढराशुभ्र झगा, केशरी पंख, आणि केसांत दवाचे थेंब चमचम करत होते.

मथू आधी घाबरली. मग म्हणाली, "सगळी नेली तर झाडाला रितं रितं वाटेल ना."

"रोज हेच बघते मी," परी म्हणाली. "रोज वाटतं, आज तरी ही पोर सगळी नेईल. नेतच नाहीस. मथू, तुझी एक इच्छा मी पुरी करीन. एकच हं. काय हवंय तुला?"

"अण्णांचा आवाज," मथू लगेच म्हणाली. तिला विचार करावाच लागला नाही.

परीनं एका फुलाच्या देठातून बाजरीएवढा केशरी दाणा काढला आणि मथूच्या तळहातावर ठेवला. दाणा निखाऱ्यासारखा लुकलुकत होता, पण भाजत मात्र नव्हता.

"आता नीट ऐक. हा दाणा मुठीत धरायचा आणि मूठ उघडायची नाही. इथून ज्या चार देवळांचे कळस दिसतात, त्या चारही देवळांना एकेक प्रदक्षिणा घालायची. संध्याकाळचे दिवे लागायच्या आत परत यायचं. कुणाला काही सांगायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रदक्षिणेत पाऊल मागे वळवायचं नाही. वळवलंस तर दाणा विझेल, आणि मग मलाही काही करता यायचं नाही."

"एवढंच ना?" मथू म्हणाली आणि धावत सुटली. आनंदाच्या भरात ती एक गोष्ट साफ विसरली. कोणती, ते कळेलच. आत्ता तिला धावू दे.

पहिलं देऊळ रामाचं. काळ्याभोर पाषाणाचं, हात लावला तर गारेगार. मथूनं मुठीसकट हात जोडले आणि ती प्रदक्षिणेला वळली, तोच कुणीतरी तिला हाक मारली. "पोरी, मला जरा हाताला धरतेस का?"

खांबाला टेकून एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, डोळ्यांवर सायीसारखा पडदा. गिरजाबाई तिचं नाव. गावच्या माणसांबरोबर यात्रेला आली होती.

"आमची माणसं भराभरा पुढं गेली गं," गिरजाबाई म्हणाली. "त्यांचाही दोष नाही, त्यांना सगळं एका दिवसात बघायचंय. महादेवाच्या दारात भेटतील ती. पण तिथवर मला कोण नेणार?"

मथूनं सूर्याकडे पाहिलं. म्हातारीला घेऊन चालायचं म्हणजे मुंगीच्या पावलानं. उशीर झाला तर? पण आजीचा हात पुढं आलेला होता, तो तसाच कसा ठेवायचा?

"चला आजी," ती म्हणाली. "तुम्हाला मुळीच दिसत नाही का?"

"उजेड तेवढा कळतो. वयानं गेले डोळे, त्याचं मला काही नाही. पुष्कळ बघून झालंय. फक्त देव कसा आहे तेवढं सांग."

मग मथू सांगायला लागली. रामाच्या गळ्यात झेंडूचा हार आहे, सीतामाईच्या नथीचा मोती लुकलुक करतोय, खांबावर पोपटांची रांग कोरली आहे आणि एका पोपटाच्या चोचीत डाळिंबाचा दाणा आहे. तो दाणा कुणाच्या नजरेला पडत नाही, अण्णांनी दाखवला म्हणून मथूला ठाऊक. गिरजाबाईनं बोटांनी चाचपून तो दाणा शोधला आणि खुदकन हसली. प्रदक्षिणा झाली, आणि मथूच्या मुठीत दाणा छान उबदार झाला.

दुसरं देऊळ मारुतीचं, थेट नदीच्या पात्रात. शेंदरानं माखलेला, दांडगा, ऐसपैस मारुती. पावसाळ्यात पाणी त्याच्या छातीपर्यंत चढतं, तेव्हा सगळं गाव काठावर उभं राहून बघतं. आता पाणी उतरलं होतं, आणि त्याच्या पायाशी चंदेरी मासोळ्या सुळसुळ फिरत होत्या. तिसरं देऊळ देवीचं, टेकडीवर. एकशे आठ पायऱ्या! प्रत्येक पायरीवर गिरजाबाई दम खायची, आणि मथू सूर्याकडे बघायची. वर पोचल्यावर मात्र मथूला सगळं विसरायला झालं. पिवळ्या शालूतली हसरी देवी, लाल-हिरव्या काचांतून पडलेला उजेड, आणि खाली वळण घेऊन चाललेली चमचमती नदी. हे आपलं गाव आहे, याचा तिला केवढा अभिमान वाटला.

"तुझे वडील फार सुरेख सांगत असतील," गिरजाबाई म्हणाली. "त्याशिवाय एवढ्याशा पोरीला इतकं येतं होय?"

"सांगायचे," मथू म्हणाली, आणि तिनं मूठ आणखी घट्ट आवळली.

"मुठीत काय आहे गं तुझ्या? सकाळपासून मिटलेलीच लागतेय हाताला."

"सांगता येत नाही, आजी."

"मग नको सांगू," गिरजाबाई म्हणाली, आणि दोघी पायऱ्या उतरायला लागल्या.

महादेवाच्या देवळाशी पोचल्या तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. गिरजाबाईनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. "पोरी, इथलं सगळं रीतीनं होऊ दे हं," ती म्हणाली. "माझ्या सासूला इथं यायचं होतं, तिला नाही जमलं. तिच्या वाटचंही मी आज करतेय. मला काही दिसत नाही, तू नेशील तिथं मी येणार."

दोघींनी प्रदक्षिणा सुरू केली. नंदी मागे पडला. देवळाच्या पाठीमागे दगडांवर हिरवं मखमली शेवाळ होतं आणि चिटपाखरू नव्हतं. मथू कोपऱ्यावरून वळली आणि जागीच थांबली.

समोर गोमुख होतं. महादेवाच्या पिंडीवर घातलेलं पाणी दगडी गाईच्या तोंडातून बाहेर येत होतं आणि वाट ओलांडून वाहत होतं. आता तिला आठवलं! महादेवाला पुरी गोल प्रदक्षिणा घालतच नाहीत. गोमुखापर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागे फिरायचं. ते पाणी ओलांडायचं नाही. अण्णांनी हे तिला शंभरदा सांगितलं होतं, आणि नेमकं आजच ती विसरली होती.

मागे वळावं तर दाणा विझणार. अण्णांचा आवाज कायमचा जाणार.

आणि पाणी तरी केवढंसं! वीतभर धार. एक ढांग टाकली की पलीकडे. आजीला दिसत नाही. बघायला दुसरं कुणी नाही. "आजी, जरा मोठं पाऊल टाका," एवढं म्हटलं की झालं. तिनं पाऊल उचललंसुद्धा.

गिरजाबाईनंही तिच्याबरोबर पाऊल उचललं. काही न विचारता, निर्धास्त.

मथूनं पाऊल खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी," ती हळूच म्हणाली, "इथून मागे वळायचं. इथं गोमुख आहे."

"बरं झालं सांगितलंस," गिरजाबाई म्हणाली. "मी गेले असते की तशीच."

दोघी आल्या वाटेनं परत फिरल्या. दारात गिरजाबाईची माणसं वाट बघत होती. गिरजाबाईनं मथूच्या गालावरून हात फिरवला, तो ओला लागला. "रडतेस होय गं?" तिनं विचारलं. मथूनं तिच्या पायांना हात लावला आणि ती निघाली.

मूठ दिवसभर आवळून बधिर झाली होती. आत ऊब आहे की नाही, काहीच कळत नव्हतं. बागेत जायलाही तिचं पाऊल उचलेना. पण परीला खरं सांगायलाच हवं होतं. दिवे लागायला थोडाच वेळ होता तेव्हा ती पारिजातकाखाली येऊन उभी राहिली.

"परीताई, मी मागे वळले," ती म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. रडत रडतच तिनं सगळं सांगितलं.

परीचाही चेहरा उतरला. "बघू दे," ती म्हणाली. "मूठ उघड."

मथूनं एकेक बोट उघडलं. तळहातावर दाणा नुसता झगमगत होता! केशरी उजेडानं तिचं नाक, वेण्या, परकराची ठिगळं, सगळं सोन्याचं दिसायला लागलं.

परी बघतच राहिली. "असं कसं झालं? वळलीस ना तू?"

"वळले. महादेवाची प्रदक्षिणा तशीच असते. वळलं तरच ती पुरी होते."

परीनं कपाळाला हात लावला. "म्हणजे तू पाणी ओलांडून पुढं गेली असतीस, तर प्रदक्षिणा मोडली असती आणि तेव्हाच दाणा विझला असता. अगं, मी झाडावर राहणारी, मला देवळातलं काय कळतंय? नियम सांगून बसले. माझ्यापेक्षा दाण्यालाच जास्त कळतं म्हणायचं." मग ती फांदीवरून उतरून मथूच्या मनगटावर बसली. "पण तुला हे ठाऊक नव्हतं. तुला वाटत होतं, वळलीस की अण्णांचा आवाज गेला. तरी का वळलीस?"

मथूनं डोळे पुसले. "आजींनी माझा हात धरला होता ना," ती म्हणाली.

परीनं दाण्यावर हळूच फुंकर घातली. दाण्यातून उजेडाची एक नाजूक पाकळी उमलली, मग दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता सगळं झाड केशरी-पांढऱ्या प्रकाशानं भरून गेलं. त्या प्रकाशात परीचे पंख एकदा चमकले आणि विरून गेले. उजेड ओसरला तेव्हा मथूचा तळहात रिकामा होता, आणि घाटावर पहिला दिवा लागला होता.

मथू घराकडे पळत सुटली. अण्णा दारातच उभे होते, घामाघूम, पायांत वहाणासुद्धा नव्हत्या. दिवसभर घाटाघाटावर तिला शोधून आले होते.

"मथे!" ते कडाडले. "कुठं होतीस सकाळपासून? सगळा घाट पालथा घातला मी. जेवायला नाही, पत्ता नाही, सांगून जायची काही रीत आहे की नाही?"

आणि अण्णा एकदम थांबले. त्यांचा हात गळ्याकडे गेला.

मथू त्यांच्या कमरेला घट्ट बिलगली आणि म्हणाली, "अण्णा, अजून रागवा ना."