पानट्याचा हेवा

फार जुनी गोष्ट आहे. दक्षिण अमेरिकेतल्या एका जंगलात दोन चुलतभाऊ भेक, म्हणजे खरबरीत कातडीचे बेडूक, राहत होते. भेकांच्या मोठ्या जातीतला गबदू अंगाने दांडगा. त्याच्या कानामागे विषाच्या गाठी होत्या, म्हणून साप त्याला पाहून वाट बदलत. लहान जातीतला पानट्या हुबेहूब वाळक्या पानासारखा. पाचोळ्यात बसला की कुणाला दिसतही नसे.

"त्याला सगळे वचकतात आणि मला कुणी विचारत नाही," म्हणून पानट्या मनातून जळत असे.

एके दिवशी तो हट्टाने उघड्या खडकावर छाती पुढे काढून बसला. समोरून साप आला आणि थेट त्याच्याकडेच सरकू लागला.

"अरे, पाचोळ्यात उडी मार!" गबदू ओरडला.

"माझा रुबाब बघवत नाही वाटतं तुला?" पानट्या म्हणाला आणि जागचा हलला नाही.

सापाने जबडा उघडला, तोच गबदूने मध्ये उडी घेतली. त्याला पाहताच साप मागे फिरला.

"लागलं नाही ना रे?" गबदूने विचारलं.

पानट्या पाचोळ्यात शिरला. जीव वाचल्याचा आनंद त्याला झालाच नाही. तो आतल्या आत एवढंच घोकत राहिला, "वाचवायलासुद्धा हाच यावा!"