सिंहासन निघालं नदीपलीकडे

डोंगर आणि नदी यांच्या बेचक्यात वसलेलं करंजपूर माणसांनी गच्च भरलं होतं. राजे हैबतरावांना ती गर्दी खुपू लागली. त्यांनी भर दरबारात हुकूम सोडला, "ज्याचा आजा या शहरात जन्मला नाही, त्यानं उद्या सूर्यास्ताच्या आत नदीपलीकडे चालतं व्हावं!"

दरबार हादरला. दुष्काळात इथे येऊन वसलेल्या विणकरांच्या पायांखालची जमीनच सरकली. रडत रडत त्यांनी आपले माग गाड्यांवर चढवले.

सकाळी राजे राजवाड्याबाहेर आले आणि जागीच थिजले. त्यांचं सिंहासन बैलगाडीवर होतं आणि त्यांच्या आत्या, अक्कासाहेब, नोकरांकडून दोर आवळून घेत होत्या.

"आत्यासाहेब, हे काय चालवलंय?" राजे ओरडले.

"तुमच्याच हुकमाची तामिली. तुमचे आजोबा, म्हणजे माझे वडील, पलीकडच्या निंबगावात जन्मले. दत्तक घेऊन त्यांना इथल्या गादीवर बसवलं. चला, मीही येते. ऊन चढायच्या आत निघू."

राजांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सिंहासन उतरवा," ते कसेबसे म्हणाले.

"आणि विणकरांचे माग?"

राजांनी मान खाली घातली. "ते आधी उतरवा."