मोकळा ठेवलेला हात

१७ जानेवारी, शुक्रवार. सकाळी सातला दाट धुके. आठ वाजले तरी हटले नाही. ऑपरेशन थिएटरच्या काचांवरून पाणी ओघळत होते.

“पण पेशंट झोपलाय, हे तुम्हाला कळतं कशावरून?”

बाईंनी हे विचारले तेव्हा डॉक्टर हुपरीकर ट्रेमध्ये सिरिंज मांडत होते.

बाई म्हणजे डॉ. नलिनी अंबर्डेकर. वय एकाहत्तर. या रुग्णालयात त्या अडतीस वर्षे भूल देत आहेत. डॉ. शार्दूल हुपरीकर एकोणतीस वर्षांचे, सुवर्णपदक मिळवलेले. त्यांना इथे येऊन तीन आठवडे झाले. मी थिएटरमधली यंत्रे सांभाळतो आणि वेळा लिहून ठेवतो. मला सगळे मामा म्हणतात.

“मॅडम, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारतात.”

“मग उत्तर सोपं असेल.”

“पापणीला बोट लावलं तर मिटत नाही. हाक मारली तर ओ देत नाही. सुरी लावली तरी हलत नाही.”

“हं.”

बाईंनी ट्रेकडे बोट केले. तीन सिरिंज होत्या. तिन्हींवर डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

“ही कशाची?”

“फेंटानिल. दुखणं बंद करायला.”

“ही दुधासारखी?”

“प्रोपोफॉल. झोपेसाठी. अर्ध्या मिनिटात झोप लागते, पण दहाएक मिनिटांत उतरायला लागते. पुढची झोप गॅसवर.”

“आणि ही तिसरी?”

“व्हेक्युरोनियम. अंग सैल पडायला. एकही स्नायू हलत नाही. श्वाससुद्धा मग आपणच द्यायचा.”

“तिच्यानं झोप येते?”

“नाही.”

“दुखणं थांबतं?”

“नाही.”

“मग नुसती तीच दिली तर?”

डॉक्टर हुपरीकरांचा हात थांबला.

“पेशंट... हलणार नाही.”

“पापणी मिटेल?”

“नाही.”

“हाकेला ओ देईल?”

“नाही.”

“मग झोपलाय म्हणायचं?”

“असं कोण करतं, मॅडम?” ते हसले. “माझे पेशंट शेवटचा टाका बसता बसता डोळे उघडतात. कॉलेजात तेवढं बघायला मोठे सर थांबायचे.”

 चष्मा पुसून बाई बाहेरच्या खोलीत गेल्या. आम्ही दोघे मागोमाग गेलो.

बाकावर आक्काताई मगदूम बसल्या होत्या. वय बेचाळीस, गावात शिवणकाम करतात. पित्ताशयात खडे. याआधी दोनदा तारीख घेऊन त्या थिएटरच्या दारातून परत गेल्या होत्या. आता पित्ताशयाला सूज आली होती. सर्जन डॉ. शिकलगारांनी त्यांना बजावले होते, “आता परत गेलात तर पुढच्या खेपेला अँब्युलन्समधून याल.”

त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. 

“भ्या वाटतंय?” बाईंनी विचारले.

“मरायचं न्हाई वाटत, बाई.”

“मग?”

आक्काताई डॉक्टर हुपरीकरांकडे बघून गप्प झाल्या.

“ते आपलेच आहेत. सांगा.”

“सा वर्सांमागं गर्भाची पिशवी काढली. दुसऱ्या गावात. तवा मी जागी हुते.”

“किती वेळ?”

“म्हाईत न्हाई. कातरीचा आवाज आला. प्वाट वढल्यागत व्हत हुतं. वरडायला बघत हुते, पर तोंड न्हाई, हात न्हाई, पापणीबी न्हाई. मला वाटलं, ह्यास्नी मी मेले वाटतंय... आन् मेलेल्या बाईला कापायल्यात.”

आक्काताईंनी मान खाली घातली.

“त्येंच्यातला एकजण म्हणत हुता, जत्रंचं मटण खारट झालंतं. पावण्यांनी पाणीच लई पिलं. समदी हसली.”

“नंतर सांगितलं त्यांना?”

“सांगितलं की. म्हणाले, सपान पडलं तुमास्नी.”

डॉक्टर हुपरीकर पुढे झाले. बोलणे गोड होते.

“आक्काताई, औषधांनी खरंच तशी स्वप्नं पडतात. आता नवी औषधं आहेत. मॉनिटर आहे. काळजी करू नका.”

आक्काताईंनी मान हलवली. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. घाबरलेला माणूस हलवतो तशी.

बाई त्यांच्याजवळ बाकावर बसल्या.

“तुमचा उजवा हात मी मोकळा ठेवते. बाकी अंग सैल पडलं तरी तो हलेल. मी तो धरून बसते. जाग आली तर दाबा.”

“आन् दाबला तर?”

“तर सगळे थांबतील.”

“डॉक्टर थांबत्यात व्हय?”

“मी थांबवते.”

आक्काताईंनी मांडीखालून उजवा हात काढला आणि बाईंच्या हातात दिला. टेबलापर्यंत त्या तशाच चालत आल्या.

थिएटरमध्ये बाईंनी मला सांगितले, “मामा, प्रेशरचा दुसरा पट्टा आणा. उजव्या हाताला, कोपराच्या खाली बांधा. अंग सैल करायचं औषध द्यायच्या आधी फुगवा. रक्त अडलं की औषध त्या हातापर्यंत पोचत नाही.”

“जुनी पद्धत आहे,” डॉक्टर हुपरीकर म्हणाले. “पुस्तकात वाचलीय. करताना कुणाला पाहिलं नव्हतं.”

“आज पाहा.”

“वीस मिनिटांनी पट्टा सोडावा लागतो, मॅडम. नाहीतर हात बधिर पडतो.”

“वीस मिनिटं पुष्कळ झाली.”

“आणि हातच धरायचा असेल तर नातेवाईक बाहेर बसलेत की.”

“ते बाहेर बसलेत म्हणूनच.”

९.२४ ला फेंटानिल. ९.२६ ला प्रोपोफॉल. आक्काताईंचे डोळे छताकडे होते. ते मिटायच्या आधी त्या म्हणाल्या, “बाई, हात...” पुढचा शब्द आला नाही.

मी पट्टा फुगवला. ९.२७ ला व्हेक्युरोनियम. ९.३१ ला घशात नळी. डॉक्टर हुपरीकरांचा हात सफाईदार आहे. नळी पहिल्याच खेपेला बसली.

प्रेशर थोडे उतरले होते, नव्वदपर्यंत. त्यांनी गॅसची डायल खाली घेतली, पाऊणवर. प्रेशर वर आले. डायल पाऊणवरच राहिली. मी ती पाहिली आणि वहीत आकडा लिहिला.

बाई टेबलाच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसल्या होत्या. यंत्र त्यांच्या पाठीमागे होते. आक्काताईंचा तळहात त्यांच्या तळहातावर होता.

पोटाला आयोडीन लावून झाले. हिरव्या चादरी टाकून झाल्या. डॉ. शिकलगारांनी सुरी घेतली.

“काय बाई, आज पेशंटचं लग्न लावताय की काय? हात हातात, अंतरपाट मधे.”

“अक्षता पडायच्या आहेत अजून. थांबा जरा.”

“हुपरीकर, सुरू करू?”

डॉक्टर हुपरीकरांनी पापणीला बोट लावून पाहिले. मॉनिटर पाहिला. नाडी बहात्तर. प्रेशर एकशे सव्वीसवर ऐंशी.

“करा, सर. गाढ झोपलीय.”

“थांबा,” बाई म्हणाल्या.

डॉ. शिकलगारांनी सुरी वर धरली.

बाई पेशंटच्या कानाशी वाकल्या. आवाज न चढवता, शेजारच्या घरी मीठ मागावे तशा त्या म्हणाल्या, “आक्काताई, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.”

यंत्र श्वास देत होते. बाकी आवाज नव्हता. बाईंच्या तळहातावर बोटे हलली.

बाई उठल्या. त्यांनी डॉक्टर हुपरीकरांचे मनगट धरून त्यांना स्टुलावर बसवले आणि आक्काताईंचा तळहात त्यांच्या तळहातावर ठेवला.

“तुम्ही विचारा.”

“मॅडम, हात नुसता फडफडतो कधीकधी. त्याला...”

“विचारा.”

त्यांनी घसा साफ केला.

“आक्काताई... ऐकू येत असेल तर... हात दाबा.”

शिवणकाम करणाऱ्या बाईचा हात. बोटे मिटली. डॉक्टरांच्या हातमोज्याला सुरकुत्या पडलेल्या मला दिसल्या.

त्यांचा आवाज उतरला.

“दुखत असेल तर... दोनदा दाबा.”

बोटे सुटली नाहीत. एकदाच आवळून तशीच राहिली.

मी आक्काताईंचा चेहरा पाहिला. डोळ्यांवर चिकटपट्टी. कपाळ कोरडे. झोपलेल्या माणसाचा असतो तसाच चेहरा.

घड्याळात ९.४१ झाले होते.

डॉ. शिकलगारांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली आणि दोन पावले मागे सरले. मग त्यांनी हात छातीशी जोडून धरले, निर्जंतुक हात धरतात तसे. 

बाई पुन्हा कानाशी वाकल्या.

“आक्काताई, आम्हाला कळलं. अजून कुणी काही केलेलं नाही. सगळे थांबलेत. आता झोप येईल. मी इथंच आहे.”

मग त्या सरळ झाल्या.

“डॉक्टर, झोप द्या.”

डॉक्टर हुपरीकरांना उठता येईना. हात तिच्या मुठीत होता. डाव्या हाताने त्यांनी पांढरी सिरिंज घेतली आणि औषध सोडले. मी डायल वर फिरवली. त्यांनी सांगायची वाट पाहिली नाही.

हळूहळू बोटे सैल पडली.

त्यांनी विचारले. उत्तर आले नाही. पुन्हा विचारले. आले नाही. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

९.४६ ला पट्टा सोडला. ९.५२ ला डॉ. शिकलगारांनी सुरी लावली. ११.०५ ला शेवटचा टाका. पेशंटने ११.२३ ला डोळे उघडले. मधला सगळा वेळ डॉक्टर हुपरीकरांचा एक हात डायलवर होता.

चहाच्या खोलीत त्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“नाडी बहात्तर होती, मॅडम. जागी असती तर नाडी पळायला हवी होती.”

“प्रेशरची गोळी घेते ती. ती गोळी नाडीला पळू देत नाही. काल तुम्हीच तर लिहून घेतलंय.”

“मग तुम्हाला कसं कळलं, ती जागी आहे?”

“मला नाही कळलं.”

“पण तुम्ही थांबवलंत.”

“कळलं असतं तर विचारलं कशाला असतं?”

त्यांनी कप पुन्हा उचलला. 

“हात मोकळा नसता तर...”

बाईंनी आपला चहा संपवला आणि कप विसळायला गेल्या.

१८ जानेवारी, शनिवार. धुके विरळ. वॉर्डमध्ये पावणेनऊला फेरी.

आक्काताई उशीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकलेले. पोट दुखते म्हणाल्या, पण सोसवेल इतके.

डॉक्टर हुपरीकर खाटेच्या पायथ्याशी केसपेपर घेऊन उभे होते. बाई खिडकीपाशी.

“काही आठवतंय का कालचं?” डॉक्टरांनी विचारले.

आक्काताईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग बाईंकडे.

“कुनीतरी हाक मारली. मी हात दाबला. आवळूनच धरला. मग बाई म्हणाल्या, आमास्नी कळलं... फुडचं न्हाई.” त्या थांबल्या. “का सपान हुतं, सायेब?”

डॉक्टर हुपरीकरांनी मागे वळून बाईंकडे पाहिले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. अंगणात धुणे वाळत घातलेले होते.

 शेजारच्या खाटेवरची म्हातारी खोकायची थांबली.

डॉक्टर पुढे आले. स्टूल ओढून खाटेशेजारी बसले.

“स्वप्न नव्हतं. तुम्ही जाग्या होतात. गॅस मी कमी ठेवला होता. चूक माझी. तुम्ही हात दाबलात, तो माझा हात होता. त्यानंतर सगळे थांबले. सुरी लागली नव्हती.”

 आक्काताईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. टाके दुखले असावेत, कारण दुसरा हात पोटावर गेला.

“मग त्या येळचंबी...” त्या पदरातून म्हणाल्या.

“तेव्हा मी नव्हतो, आक्काताई. पण आता तुम्ही सांगाल ते मी ऐकेन.”

“मटनाचंबी?”

“मटणाचंही.”

त्या हसल्या. हसल्यावर पुन्हा पोट धरले. “हसवू नगासा, सायेब. टाकं तुटतील.”

डॉक्टर उठले. केसपेपर उघडला. भूल दिल्याच्या पानावर त्यांनी काल दुपारी ‘भूल व्यवस्थित, अडचण नाही’ अशी ओळ लिहिली होती. ती त्यांनी आडवी खोडली. पेन तसेच धरून उभे राहिले.

“मॅडम... काय लिहू?”

बाई खिडकीपासून वळल्या.

“वेळ लिहा. नऊ एक्केचाळीस. पेशंट जागी होती. विचारल्यावर हात दाबला. खाली तुमचं नाव.”