म्हशीला पटलेली कविता

"धार काढताना गाणं रचलंस? गुन्हा कबूल?" दुर्जयसेन महाराज गरजले.

भिवरा गवळणीने हात जोडले. महाराजांना काव्याचा नाद लागला होता, आणि राज्यात कवी एकच, बाकी कोणी ओळ जुळवली तर थेट कोठडी, अशी दवंडी पिटली गेली होती. दरबारी तर इतक्या माना डोलवत, की राजवैद्यांकडचा मानदुखीचा लेप संपला!

"कबूल, सरकार! पण गाण्याशिवाय माझी चांदी पान्हाच सोडत नाही. म्हशीला दवंडी कळली नाही हो!"

"मग आमचं काव्य ऐकव तिला! चरवी भरली तर सुटलीस. नाहीतर कोठडी!"

अख्खा दरबार गोठ्यात लोटला. प्रधानांनी खड्या आवाजात सुरुवात केली, "चंडप्रचंडभुजदंडविमंडिता हे..." चांदीने कान पाडले. पुढच्या ओळीला चरवी लाथेने उडवली. त्याच्या पुढच्या ओळीला शेणाने माखलेली शेपटी प्रधानांच्या तोंडावर!

"राजद्रोह!" प्रधान किंचाळले.

शिपाई पुढे सरसावले, तशी भिवरा म्हणाली, "थांबा! कवी महाराज, आणि वाचणार प्रधानजी? सरकार, आपणच गा. पण तिच्याकडे बघून, तिच्याबद्दल काहीतरी. आणि खाली बसून हं! उंचावरून बोललेलं तिला खपत नाही."

महाराज उकिडवे बसले. शब्द सुचेना. घाम फुटला. नाइलाजाने ते म्हशीकडे नीट बघू लागले. हळूच गुणगुणले,

"काळी गं काळी तू, डोहात डुंबशी,
बगळा पाठीवर, डोळे गं मिटशी!"

चांदीने खरंच डोळे मिटले. चरवीत धार वाजली! महाराजांना तिसरी ओळ सुचली, मग चौथी. मुकुट वैरणीत पडला, त्यांना पत्ताच नाही!

"वाहवा!" प्रधान ओरडले.

"गप्प! पान्हा चोरेल ती!" महाराज खेकसले.

चरवी काठोकाठ भरली. महाराज लहान पोरासारखे खूश होऊन उठले. मग जरा घुटमळून म्हणाले, "भिवरा, खरं सांग. आमचं ते भारदस्त काव्य हिला का रुचलं नाही?"

"ते दरबारासाठी होतं, सरकार. आणि दरबार काही दूध देत नाही!"

 महाराज पोट धरून हसले! दवंडी तिथल्या तिथे रद्द झाली, राजवाड्यामागचं हिरवंगार कुरण भिवराला मिळालं, आणि चरवी प्रधानांच्या डोक्यावर देऊन महाराज पुढची ओळ जुळवत घराकडे निघाले.