काशाची वाटी

“मग राहिलं काय, बुवा? तुम्हीच सांगा. आणखी काय करायचं राहिलं?”

मुकुंदराव देशिंगकरांचा आवाज जरा चढलाच. मठात आवाज चढवायचा नाही, हे बारा वर्षं येणाऱ्या शिष्याला सांगावं लागत नाही. पण आज त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

आत्मारामबुवा मागच्या अंगणात हौदाशी बसून देवाची भांडी घासत होते. बुवा मूळचे कासार. भांडी विकायची, वर गिऱ्हाइकाचं नाव घालून द्यायचं, यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. पुढे घरदार सुटलं, भांडी मात्र सुटली नाहीत. एवढे शिष्य होते, पण बुवा कुणाला घासायला हात लावू देत नसत.

“काय काय केलंस?” बुवांनी विचारलं.

झालं! मुकुंदरावांना एवढंच हवं होतं.

“पहाटे पाचला अनुलोम-विलोम, त्यावर भ्रामरी. चहा बंद, त्याऐवजी तुळस आणि गवती चहाचा काढा. टाळूवर ब्राह्मीचं तेल. निजताना जायफळ घातलेलं दूध. टीव्ही माळ्यावर टाकला. मोठ्यानं बोलायचं नाही, रडायचं नाही, मागचं काही उगाळायचं नाही. सगळं नैसर्गिक, बुवा, सगळं घरच्या घरी! आमच्या कॉलनीतली चाळीस माणसं माझ्याकडून हे शिकून गेली. गोळ्या सुटल्या त्यांच्या, शांत झोपतात. आणि माझ्याच घरात…”

ते थांबले. मागे वळून त्यांनी बघितलं.

अंगणाच्या टोकाला बकुळीच्या पारावर सुलभाताई बसल्या होत्या. मांडीवर नवऱ्याची पिशवी. तिच्यात तेलाची बाटली, काढ्याचा थर्मास, आसनाची घडी. बांगड्या सैल होऊन मनगटावरून खाली आल्या होत्या, त्या वर सारायचंही त्यांना सुचत नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक गेली. हेमांगी. एकोणीस वर्षांची. कावीळ झाली, डोक्यात गेली, चार दिवसांत सगळं आटोपलं. मुकुंदरावांनी स्वतःला सावरलं. सावरलं म्हणजे काय, तर नियम केले. चौदाव्या दिवशी स्वच्छ अक्षरात कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. पहिलाच नियम होता, वर्षभर घरात तिचं नाव काढायचं नाही. फोटोसुद्धा कपाटात ठेवला. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस आहे! मुकुंदरावांनाही ते पटलं.

“ती बोलत नाही, बुवा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “एकोणचाळीस दिवस झाले. आधी मला वाटलं, मौन धरलंय, चांगलं आहे. पण आता जेवतही नाही. दोन घास चिवडते आणि ताट सारते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हिला गमावून बसाल.”

बुवांनी समई उपडी करून पाणी निथळू दिलं.

“मी एकटा राहीन हो,” मुकुंदराव म्हणाले. हे मात्र त्यांच्या तोंडून सुटूनच गेलं.

बुवांनी निरांजन घासायला घेतलं.

“आणि एक राहिलं सांगायचं.” मुकुंदरावांनी घसा साफ केला, गेलेला रुबाब पुन्हा गोळा केला. “काशाची वाटी. रोज दिवेलागणीला तळपायांना गाईचं तूप लावून वीस मिनिटं वाटी घासायची. काय गुण आहे म्हणून सांगू! तळवे काळे पडतात, सगळी उष्णता निघते. माझा सगळा ताण गेला तो त्या वाटीनं.”

“कोण घासतं?”

“सुलभाच. तिच्या हाताला लय आहे.”

“आणि तिचे पाय कोण घासतं?”

मुकुंदराव हसले. “अहो, ती कुठली बसतेय पाय पसरून!”

“वाटी आणली आहेस?”

आणली नसेल तर नवल! मुकुंदराव दोन दिवस परगावी निघाले तरी वाटी बरोबर असायची. ते पारापाशी गेले, बायकोच्या मांडीवरच्या पिशवीतून त्यांनी वाटी काढली. सुलभाताईंचा हात वाटीमागोमाग थोडा उचलला, मग पुन्हा मांडीवर पडला. मुकुंदरावांचं तिकडे लक्ष नव्हतं.

बुवांनी वाटी हातात घेतली. तुपाचा आणि पायाच्या मळाचा काळा चिकट थर बाहेरून चांगलाच बसला होता. बुवांनी ती तोलली, काठावर नख मारलं, आवाज ऐकला.

“अस्सल आहे. कुठून घेतलीस?”

“घेतली कशाला? घरातच निघाली! फडताळात पार मागे, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली होती. बाजारात हल्ली अशी मिळत नाही.”

“तू काढलीस तेव्हा ती काय म्हणाली?”

“सुलभा? काही नाही. ‘ती नको,’ म्हणाली.”

“मग?”

“मग मी समजावलं. म्हटलं, घरात सारखं नको-नको म्हणू नये, त्यानंही ताण वाढतो.”

“मग?”

मुकुंदराव आठवू लागले. त्या संध्याकाळी सुलभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं वाटीसाठी हात पुढे केला होता. त्यांनी वाटी दिली, वर तुपाची बरणी दिली आणि पाय लांब केले. ती खाली बसली. त्यानंतर…

“त्यानंतर काही बोलली नाही,” मुकुंदराव म्हणाले.

“दुसऱ्या दिवशी?”

“नाही.”

बोलता बोलता त्यांनी मनात दिवस मोजले. एकोणचाळीस.

बुवांनी वाटी त्यांच्यापुढे सरकवली. राखेचं टोपलं सरकवलं, चिंचेचा गोळा सरकवला.

“घास.”

“मी?”

“इथे दुसरं कोण आहे?”

बारा वर्षांत बुवांनी कुणाच्या हाती भांडं दिलं नव्हतं. मुकुंदरावांना क्षणभर मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोला! त्यांनी बाह्या सारल्या आणि उकिडवे बसले.

मान दहा मिनिटंच टिकला. थर निघेना. चिंच लावली, राख लावली, पुन्हा चिंच. खांदा भरून आला, गुडघे दुखायला लागले, कपाळावरचा घाम नाकावरून वाटीत पडला. आतून वाटी सोन्यासारखी उजळली, बुडाशी मात्र काळी ती काळीच.

“झालं का, बुवा?”

“बूड राहिलं.”

“बुडाला काय आहे? ते कुणाला दिसतंय?”

बुवा तांब्या विसळत राहिले.

मुकुंदरावांनी वाटी उपडी केली आणि चिडूनच घासायला घेतली. खरवडण्याचा आवाज अंगणभर होत होता. पारावर सुलभाताईंनी मान वर केली होती.

आधी एक टिंब दिसलं. मग दुसरं. ठोकून काढलेल्या बारीक टिंबांची ओळ. मुकुंदरावांनी अंगठ्यानं राख पुसली.

चि.

त्यांचा हात मंदावला. तरी घासत राहिला, आता अगदी हळू.

चि. हेमांगी हिस उष्टावणानिमित्त. आजोळकडून.

खाली तारीख.

…

त्यांना सगळं आठवलं. सुलभाच्या माहेरचा ओटा. मामाच्या मांडीवर सहा महिन्यांची पोर, गळ्यात काळी पोत. मामानं याच वाटीतून अंगठीनं खीर तिच्या ओठाला लावली होती, तिनं तोंड वेडावाकडं केलं होतं आणि सगळे हसले होते. पुढे दोन-अडीच वर्षं सुलभा तिला याच वाटीत वरणभात कालवून भरवायची. तेव्हा मुकुंदराव पेपर वाचत असायचे, पण दिसत तर होतं.

“मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

बुवा उठले. आत गेले आणि मऊ भाताचं पातेलं घेऊन आले. मुकुंदरावांच्या हातातली वाटी घेतली, हौदाच्या पाण्यानं तीनदा धुतली, तिच्यात डावभर भात घातला, वर दूध घातलं. ती मुकुंदरावांच्या पुढ्यात ठेवली.

“जेव.”

मुकुंदराव मागे सरकले.

“जेव, मुकुंदा.”

“बुवा, असं काय करता? पायाची वाटी आहे ती!”

“कुणाच्या पायाची?”

मुकुंदरावांनी आपले पाय आत ओढून घेतले.

तेवढ्यात पारावरून पिशवी खाली पडली. तेलाची बाटली फुटली, थर्मास घरंगळत गेला. सुलभाताई उठून येत होत्या. चालताना त्यांचा तोल जात होता, हौदाच्या कठड्याला धरून त्या आल्या. नवऱ्यासमोर बसल्या आणि वाटी त्यांच्यापुढून ओढून घेतली.

एकोणचाळीस दिवसांनी त्यांचा आवाज निघाला, तो घोगरा.

“पायाची नाही ती.”

“सुलभा…”

“माझ्या लेकीच्या तोंडची वाटी आहे. रोज संध्याकाळी ती मी तुमच्या पायाला लावली.”

“अगं, पण मला सांगायचं नाही का?”

“कुणाचं नाव घेऊन सांगू?” त्यांनी सरळ नवऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. “नाव तर तुम्ही बंद केलंत.”

मुकुंदरावांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. फ्रिजवरचा कागद त्यांना दिसला. पहिल्या नियमाखाली त्यांनी लाल शाईनं दोन रेघा ओढल्या होत्या, सरळ याव्यात म्हणून पट्टी धरून.

सुलभाताईंनी वाटीतल्या भाताचा घास घेतला. सवयीनं बोटांनी चिमटून लहान केला, बाळाला भरवायचा असतो तेवढा. तो घास हातात धरून त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या. भरवायला समोर कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी तो स्वतःच्या तोंडात घातला.

घास घशाखाली गेला आणि त्यांनी हंबरडा फोडला.

“हेमाऽऽ… माझी हेमाऽऽ…”

मठातल्या देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली. पुढच्या ओट्यावर पोथी वाचणाऱ्या दोन म्हाताऱ्या उठून दारापाशी आल्या आणि तिथेच थबकल्या. मठात एवढा मोठा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. सुलभाताई छाती पिटत होत्या, वाटी पोटाशी धरून पुढेमागे झुलत होत्या. आठ महिने साठलेलं ते रडं दोन दमांत संपणारं नव्हतंच.

मुकुंदराव घाबरले. हात आपोआप वर गेला, कॉलनीच्या हॉलमध्ये शिकवताना जायचा तसा.

“सुलभा, श्वास… दीर्घ श्वास घे. नाकानं घे, हळूहळू सोड… मी मोजतो, एक…”

बुवांनी त्यांचं मनगट धरलं. राखेनं भरलेला तो हात त्यांनी खाली आणला आणि मुकुंदरावांच्या मांडीवर ठेवला. मग ते हौदाशी जाऊन बसले आणि राहिलेली हळदकुंकवाची पंचपाळी घासायला घेतली.

ऊन हौदावरून सरकून भिंतीवर गेलं. सुलभाताईंचा आवाज बसला, तरी त्या थांबल्या नाहीत. मध्येच एक घास घेत, पुन्हा रडत. नवऱ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

मुकुंदराव ताठ बसून होते. पाठीचा कणा सरळ, खांदे सैल, शिकवायचे अगदी तसे. फक्त हनुवटी थरथरत होती आणि ती त्यांनी दातांवर दात रोवून आवरून धरली होती.

“बुवा,” ते कसंबसं म्हणाले, “हे थांबणार कधी?”

बुवांनी पंचपाळी पाण्यात बुडवली, वर काढली, बूड बघितलं.

“तू सुरू कधी करणार?”